पट्टीवरच्या रेघा आणि न कळलेला गर्भपात

सुरुवातीच्या आठवड्यांतला गर्भपात ओळखायचा, तर आधी गर्भ राहिला होता हे ठाऊक असावे लागते. नांदेड-लातूरचा मुलूख 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या काळी गावात ही खात्री चुकलेली पाळी, डोहाळे आणि पाचव्या महिन्याच्या सुमाराला जाणवणारी बाळाची हालचाल यांवरूनच होई. दीड महिन्याने जास्त अंगावरून गेले, तर पाळी लांबली होती असे म्हणून विषय मिटे. बाईने काय गमावले, याची नोंद कुठेच राहत नसे.

1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक यांनी गर्भ ओळखण्यासाठी उंदरांवर लघवीची परीक्षा बसवली. गर्भ राहिल्यावर तयार होणारे एचसीजी हे संप्रेरक रक्तात नेमके मोजण्याची रीत 1972 मध्ये अमेरिकेत निघाली. पुढे लघवीतले हेच संप्रेरक तपासून 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधक विल्कॉक्स यांच्या अभ्यासात 22 टक्के गर्भ नेहमीच्या तपासणीत कळण्याआधीच गळून गेल्याचे आढळले.

इकडे लातूरला विवेकानंद रुग्णालय 1966 मध्ये सुरू झाले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नांदेडला 1988 मध्ये आले, लातूरला 2002 मध्ये. 2005 नंतर ग्रामीण आरोग्य अभियानातून आशाताईंच्या हाती 'निश्चय' किट आले आणि पट्टीवरची लघवीची गर्भतपासणी घराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचली. ही मोठीच सोय झाली. पण रक्तातली बीटा एचसीजी आणि सोनोग्राफी यांसाठी खेड्यातून बहुधा तालुक्याला किंवा जिल्ह्यालाच जावे लागते. पट्टी फसवते ती याच अंतरात.

पोटात गर्भाचे ठोके थांबले, तरी वारेच्या पेशी काही काळ हे संप्रेरक सोडत राहतात आणि दोन रेघा उमटतात. गर्भ पूर्ण पडून गेल्यावरही काही आठवडे असेच होऊ शकते. उलट फार लवकर केलेली किंवा पातळ लघवीवरची तपासणी गर्भ असताना 'नाही' म्हणते. द्राक्षगर्भात, म्हणजे वारेच्या पेशींच्या विकृत वाढीत, तर संप्रेरक इतके वाढते की त्याच्या अतिरेकानेच रेघ क्वचित उमटत नाही.

म्हणून डॉक्टर पाळीची तारीख, रक्तस्राव आणि योनीमार्गे सोनोग्राफी एकत्र पाहतात. गर्भाची लांबी 7 मिलिमीटर किंवा जास्त असून ठोके नसतील, तर निदान पक्के. त्याहून लहान असेल, तर काही दिवसांनी पुन्हा पाहणे भाग. गर्भपिशवी रिकामी आणि पट्टी मात्र 'आहे' सांगते, तेव्हा सगळे पडून गेले असे लगेच धरता येत नाही. गर्भ बीजवाहक नळीत असू शकतो, आणि नळी फुटली तर जीव जाऊ शकतो. अशा वेळी 48 तासांनी बीटा एचसीजी पुन्हा मोजतात. आकडा उतरला तरी नळीतल्या गर्भाची शंका उरतेच, म्हणून तो शून्याजवळ येईपर्यंत तपासणी चालू ठेवतात.