एचआयव्हीविषयी काय शिकवायचे?

लातूर जिल्ह्यातील हासेगाव येथे २००९ साली एचआयव्हीबाधित मुले शाळेत येऊ लागली, तेव्हा गावातील पालकांनी आपल्या मुलांना शाळेत पाठविण्यास नकार दिला. एका बाकावर बसल्याने, एकत्र जेवल्याने किंवा खेळताना हात लागल्याने या विषाणूची लागण होत नाही, हे वैद्यकशास्त्राने त्याच्या कितीतरी आधी सिद्ध केले होते. एड्सचे नाव आणि त्याची धास्ती खेडोपाडी पोहोचली होती. नेमकी माहिती मात्र पोहोचली नव्हती. एचआयव्ही प्रतिबंधात शिक्षणाचे महत्त्व सर्वांनाच मान्य आहे. पण ते शिक्षण कशाचे असावे, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे.

विषाणू आणि आजार

एचआयव्ही हा शरीरातील रोगप्रतिकारक पेशींवर हल्ला करणारा विषाणू आहे. उपचार न मिळाल्यास काही वर्षांनी प्रतिकारशक्ती खालावते आणि क्षयरोगासारखे आजार बळावतात. या प्रगत अवस्थेला एड्स म्हणतात. म्हणजेच प्रत्येक एचआयव्हीबाधित व्यक्तीला एड्स झालेला असतोच असे नाही. असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित सुया व सिरिंज, दूषित रक्त आणि बाधित मातेकडून बाळाला (गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी किंवा स्तनपानातून) हे लागणीचे चार प्रमुख मार्ग होत. हस्तांदोलन, खोकला, डास, एकच भांडी, एकच स्वच्छतागृह यांमुळे लागण होत नाही. प्रतिबंधासाठी पहिली यादी जितकी आवश्यक, तितकीच भेदभाव थांबविण्यासाठी दुसरी आवश्यक आहे. प्रत्यक्षात मात्र पहिली पाठ करून घेतली जाते आणि दुसरी घाईघाईने उरकली जाते.

भारतातील प्रयत्न

भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन यांच्या चमूने शोधले. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, अर्थात 'नॅको', स्थापन झाली. सुरुवातीच्या प्रचारात एड्स म्हणजे मृत्यू हेच समीकरण ठसविले गेले. लोक सावध व्हावेत हा त्यामागील हेतू होता. पण त्यातून रुग्णाविषयीची घृणाही वाढली. पुढे महाविद्यालयांमध्ये 'रेड रिबन क्लब' सुरू झाले आणि १ डिसेंबर २००७ रोजी दिल्लीहून निघालेली 'रेड रिबन एक्स्प्रेस' ही विशेष रेल्वेगाडी माहिती घेऊन देशभर फिरली.

शाळेत मात्र हा विषय अडखळला. केंद्र सरकारच्या किशोरावस्था शिक्षण कार्यक्रमाला २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत तीव्र विरोध झाला आणि तो थांबविण्यात आला. लैंगिक शिक्षणामुळे मुले बिघडतील, हा आक्षेप महाराष्ट्राला नवा नव्हता. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले, तेव्हाही त्यांना हेच ऐकून घ्यावे लागले होते. वस्तुतः युनेस्कोने तपासलेल्या देशोदेशींच्या अभ्यासांतून असे आढळले आहे की, लैंगिक शिक्षणामुळे मुले लवकर लैंगिक संबंधांकडे वळत नाहीत.

उपचारांनी बदललेले चित्र

सरकारी रुग्णालयांत एआरटी औषधे मोफत देण्यास भारतात २००४ मध्ये प्रारंभ झाला. आज लागण निष्पन्न होताच औषधोपचार सुरू करण्याचे धोरण आहे. ही औषधे नियमित घेणाऱ्या व्यक्ती दीर्घकाळ निरोगी आयुष्य जगू शकतात. त्यांच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत आढळणार नाही इतके खाली राहिले, तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. उपचारांअभावी मातेकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. योग्य उपचारांनी ती ५ टक्क्यांहून खाली आणता येते. ही माहिती अभ्यासक्रमात आणि व्याख्यानांत आली, तर 'एचआयव्ही म्हणजे सर्व संपले' हा समज टिकणार नाही.

कलंकाची किंमत

देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि संख्येच्या दृष्टीने महाराष्ट्र आघाडीवर आहे. बदनामीच्या भीतीने माणूस चाचणी टाळतो. चाचणी न झाल्याने उपचार लांबतात आणि नकळत विषाणू पुढे पसरतो. कुणी ओळखीचे पाहील म्हणून एआरटी केंद्रात जाणे टाळणाऱ्यांची औषधे खंडित होतात. पतीकडून लागण झालेल्या स्त्रीलाच अनेकदा दोषी ठरविले जाते. म्हणूनच कलंक दूर करणे हा प्रतिबंधाचाच भाग ठरतो.

एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ साली संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. शिक्षण, नोकरी, आरोग्यसेवा आणि भाड्याचे घर यांबाबत बाधितांशी भेदभाव करण्यास त्यात मनाई आहे. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, तसेच बाधित असल्याची माहिती गोपनीय राखणे बंधनकारक आहे. बाधितांविरुद्ध द्वेष पसरविणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. या तरतुदी शिक्षक, मुख्याध्यापक आणि गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

शिकविताना काय पाळावे?

'एड्सचा रोगी' म्हणण्याऐवजी 'एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती' म्हणावे. लागण कशी झाली, याची चौकशी करू नये. मुलांचे प्रश्न लेखी व निनावी घ्यावेत आणि उत्तरे सरळ शब्दांत द्यावीत. वर्गात एखादे मूल स्वतः बाधित असू शकते, हे लक्षात ठेवूनच प्रत्येक वाक्य उच्चारावे.

सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत मोफत तपासणी होते आणि १०९७ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर माहिती मिळते. लागणीनंतर सुरुवातीचे काही आठवडे चाचणीत दोष दिसत नाही; त्यामुळे समुपदेशकाच्या सल्ल्याने सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी.