साबुदाण्याचें मूळ

श्रोतेहो, एकादशीला आपल्या घरांत साबुदाण्याची खिचडी होते, तेव्हां हा दाणा मूळचा कोठला, असा प्रश्न सहसा कोणाला पडत नाहीं. मीं ३५ वर्षें मुलांना इतिहास शिकविला. पण हा प्रश्न मला पडला तो निवृत्तीनंतर, आणि तोही स्वयंपाकघरांत.

शेजारच्या मल्याळी बाईंनीं एकदां हातभर लांब, तपकिरी सालीचें एक मूळ आणून दिलें. त्यांच्याकडे त्याला कप्पा म्हणतात. आपल्याकडे कोणी साबुकंद म्हणतात, कोणी टॅपिओका. आमच्या मंडळींनीं तें बटाट्यासारखें उकडलें आणि तें पाणी आमटीसाठीं बाजूला ठेविलें. तें पाहतांच बाई म्हणाल्या, "वहिनी, तें पाणी आधीं ओतून टाका." कारण विचारलें, तर म्हणाल्या, "आमची आई असेंच करी." ह्या एका वाक्यामागें केवढा इतिहास आहे, तो आज सांगावयाचा आहे.

हें झाड दक्षिण अमेरिकेंतलें. ॲमेझॉनच्या खोऱ्याच्या दक्षिण बाजूस तेथील लोकांनीं हजारों वर्षांपूर्वीं तें लागवडीस आणिलें. त्याच्या मुळांत एक विषारी द्रव्य असतें. मूळ चिरलें वा किसलें कीं त्यांतून सायनाइड सुटतें. गोड जातींत तें थोडें, कडू जातींत फार. तरीही तेथील बायकांनीं कडू मुळापासून रोजची भाकरी केली. मूळ किसावयाचें, वेताच्या लांब विणलेल्या नळींत भरून पिळावयाचें, आणि उरलेला चोथा तव्यावर भाजावयाचा. पिळलेल्या रसाच्या तळाशीं जें सत्त्व बसे, त्याच्या तुपी भाषेंतील नांवावरून 'टॅपिओका' हा शब्द आला. ही युक्ति ज्यांनीं शोधिली, त्यांपैकीं एकीचेंही नांव इतिहासाला ठाऊक नाहीं.

इ. स. १५०० मध्यें पोर्तुगीज ब्राझीलला पोहोंचले. त्यांच्या गलबतांतून सोळाव्या शतकांत हें पीक आफ्रिकेंत गेलें. हलक्या जमिनींत येणारें, अवर्षणांत तगणारें हें मूळ तेथें कोट्यवधि लोकांचें अन्न झालें. ही रीत मोडली तर काय होतें, हेंही तेथेंच दिसलें. १९८१ सालीं मोझांबिकच्या नांपुला प्रांतांत अवर्षणानें इतर पिकें गेलीं आणि कडू मूळ तेवढें उरलें. तें पुष्कळ दिवस उन्हांत वाळवून मग खाण्याची तेथील रीत. पण भुकेल्या घरांना तितका दम धरवेना. हजारांहून अधिक माणसांचे पाय ताठले आणि त्यांना कायमचें अपंगत्व आलें. त्यांत बायका आणि मुलेंच अधिक होतीं. त्यांना कृति ठाऊक होती. नव्हता तो वेळ.

आपल्या देशांत ह्या पिकाला राजाश्रय मिळाला तो त्रावणकोरांत. १८८० ते १८८५ पर्यंत गादीवर असलेल्या विशाखम् तिरुनाळ महाराजांनीं त्याच्या लागवडीस उत्तेजन दिलें. त्याचें मोल १९४२ सालीं कळलें. जपान्यांनीं ब्रह्मदेश घेतला, तिकडचा तांदूळ बंद झाला, आणि त्रावणकोरांतील गरिबांची चूल ह्या मुळावर चालली. साबुदाणा पूर्वीं मलायाकडील सागो ताडाच्या गाभ्यापासून होई. युद्धांत तोही येईनासा झाला, तेव्हां तामिळनाडूंतील सेलम येथें ह्या मुळाच्या सत्त्वापासून दाणे करूं लागले. आज आपण उपासाला खातों तो बहुधा हाच. सत्त्व काढतांना तें पाण्यानें पुष्कळ धुतलें जातें, म्हणून त्याची भीति नको.

आतां हें मूळ घरीं करावयाचें असेल, तर पुण्यामुंबईकडील केरळी वाण्याच्या दुकानांत तें मिळतें. टणक पाहून घ्यावें. मोडल्यावर आंत पांढरें शुभ्र दिसावें. निळ्याकाळ्या रेषा दिसल्या तर सोडून द्यावें. तें फार टिकत नाहीं, म्हणून एकदोन दिवसांत संपवावें. वरची तपकिरी आणि तिच्याखालची जाड, अशा दोन्ही साली काढाव्या. लहान तुकडे करून मधली दोरी काढून टाकावी. भरपूर पाण्यांत, झांकण न ठेवतां, मऊ होईपर्यंत शिजवावें आणि तें पाणी ओतून द्यावें. मग ओलें खोबरें, हिरवी मिरची, जिरें आणि हळद वाटून त्यांत घोटावी. कच्चें मात्र कधींही खाऊं नये.

श्रोतेहो, परदेशाहून पीक आणणें सोपें असतें; त्याबरोबर त्याची रीतही आणावी लागते. आमच्या घरीं आतां कप्पा होतो, तेव्हां पाणी ओततांना नात विचारते, "आजोबा, हें कां टाकायचें?" तिला मी कारण सांगतों. "असेंच करीत असत" एवढ्यावर थांबत नाहीं.