आरसा न पाहणाऱ्या मुली

अनोरेक्झिया नर्व्होझाचे, म्हणजे जेवण टाळत वाळत जाण्याच्या आजाराचे, नाव काढले की मालवण-वेंगुर्ल्याकडे ठरलेले उत्तर मिळते : ही मुंबईच्या मॉडेल मुलींची थेरं, मासे-भाताच्या मुलखात बारीक व्हायचे वेड कुणाला? पोर फारच वाळली तर ‘कायतरी बाधलां असतलां’ म्हणून गाऱ्हाणे घातले जाते. याच समजाची सुशिक्षित आवृत्ती अशी, की मुलीला जाड होण्याची भीती नाही, म्हणजे हा आजार नव्हेच. ही दुसरी मला अधिक घातक वाटते; तिला पुस्तकाचा आधार आहे असे मानले जाते.

तो आधार फार जुना नाही. 1873 मध्ये पॅरिसचे शार्ल लासेग आणि 1874 मध्ये लंडनचे विल्यम गल यांनी या आजाराची वर्णने प्रसिद्ध केली. लासेग यांच्या रुग्ण मुली जेवल्यावर पोटात कसेसेच होते म्हणून घास कमी करत गेल्या होत्या. लठ्ठपणाची भीती निदानाच्या केंद्रस्थानी आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. हाँगकाँगच्या सिंग ली आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये 70 रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांतल्या 41 जणांना ही भीती नव्हती. पोट फुगते, भूकच नाही, असे ते सांगत. खंडेलवाल आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये नोंदवलेल्या पाच भारतीय तरुणींतही स्वतःच्या शरीराविषयीची भ्रामक कल्पना दिसली नाही.

आपल्याकडची कारणे याहून वेगळी कुठे आहेत? ‘जेवण वर येतं’, ‘सोमवार धरलाय’, ‘मासे सोडले’. उपास करणारी प्रत्येक मुलगी आजारी, असे नव्हे. श्रावण-गणपती आटोपले की धडधाकट माणूस बांगड्यावर तुटून पडतो. इथे मात्र उपास संपतच नाहीत आणि पेजेची वाटीही अर्धी परत येते.

अशा काही मुलींना आज अन्न टाळण्याच्या दुसऱ्या एका विकारात घालता येईल, हा आक्षेप रास्त आहे. 2013 च्या अमेरिकी निदानसंहितेत तसा वर्ग आहे. पण त्याच संहितेने अनोरेक्झियासाठी भीती बोलून दाखवण्याची सक्ती ठेवलेली नाही. वजन वाढू न देणारे सततचे वागणेही ग्राह्य धरले, आणि पाळी बंद होण्याची अटही काढली. तेव्हा ‘पाळी येते ना?’ हा दिलासा फोल आहे. क्षयरोग, थायरॉइड, मधुमेह तपासलेच पाहिजेत. पण ते रिपोर्ट चांगले आले म्हणून धोका टळत नाही. रक्ताचे आकडे ठीक असतानाही नाडी मंदावते, हाडे ठिसूळ होतात. मानसिक आजारांत सर्वाधिक मृत्युदर असणाऱ्यांत हा मोडतो, आणि या आजारातले बरेच मृत्यू आत्महत्येचे असतात.

खरी फसगत पुढे होते. घाबरलेले घर म्हणते, ‘डॉक्टर, सलाईन लावा’, आणि घरी आणल्यावर भात भरवते. दीर्घ उपासमारीनंतर एकदम पिष्ट किंवा ग्लुकोज मिळाले की इन्सुलिन उसळते, रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढले जाते. हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. म्हणून अन्न हळूहळू वाढवायचे, आधी थायमिन द्यायचे आणि रक्त पुन्हा पुन्हा तपासायचे. किशोरवयीन मुलीची जागेपणी नाडी पन्नासच्या खाली असेल, किंवा उभी राहताच चक्कर येत असेल, तर ओरोसचे जिल्हा रुग्णालय किंवा बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ) गाठावे. ती का जेवत नाही, हे तिथे दाखल झाल्यावरही विचारता येईल.