मूळ की मागाहून? मसल कारवरच्या खुणांची कुळकथा

१९६९ सालची एक शेव्हरले कॅमॅरो समोर उभी आहे असं धरा. चाकांवर साध्या छोट्या हबकॅप, अंगावर पट्टे नाहीत, मिरवावा असा एकही बिल्ला नाही. बॉनेट उघडलं की आत ४२७ घनइंचांचं, म्हणजे सात लिटरचं इंजिन. त्या वर्षीच्या कॅमॅरोच्या माहितीपत्रकात हे इंजिन कुठेच नाही, तिथली यादी ३९६ वर थांबते. मग हे इंजिन कारखान्यात बसलं, डीलरच्या गॅरेजात बसलं, की वीस वर्षांनी कुणी किंमत वाढवण्यासाठी बसवलं? तिन्ही शक्यता खऱ्या आहेत आणि त्यांच्या किमतींत जमीनअस्मानाचं अंतर आहे.

अशा वेळी जाणकार खुणा शोधू लागतात. लोखंडावरचे ठसे, पत्र्याच्या छोट्या पट्ट्या, सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला कागद. यातली एकही खूण पुढेमागे संग्राहकाला पुरावा मिळावा म्हणून जन्माला आली नव्हती. कुणाला तरी त्या दिवशीचं काम मार्गी लावायचं होतं, म्हणून ती उमटली. तिच्यावर विश्वास ठेवता येतो तो याच कारणाने. म्हणून खूण वाचण्याआधी ती कुणी, कशासाठी उमटवली हे ठाऊक हवं.

गोंधळाची सुरुवात मसल कारच्या, म्हणजे साध्या गाडीत मोठं ताकदवान इंजिन घालण्याच्या प्रकाराच्या, जन्मापासूनच झाली. १९६३ च्या सुरुवातीला जनरल मोटर्सने आपल्या विभागांना शर्यतींपासून दूर राहायला सांगितलं. मध्यम आकाराच्या गाड्यांत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही, असाही दंडक होता. पाँटिअकचे मुख्य अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून वाट काढली. त्यांनी नवं मॉडेल जाहीर केलंच नाही. १९६४ च्या टेम्पेस्ट लमान्सवर सुमारे ३०० डॉलर जादा भरून घेण्याचा एक पर्याय ठेवला, त्यात ३८९ घनइंचांचं इंजिन दिलं आणि त्या पर्यायाला नाव दिलं जीटीओ. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या.

या युक्तीची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. जीटीओ हा नुसता पर्याय असल्यामुळे १९६४ आणि १९६५ च्या गाड्यांच्या ओळख क्रमांकात ती जीटीओ असल्याचा मागमूस नाही. क्रमांक सांगतो एवढंच, की ही लमान्स किंवा टेम्पेस्ट आहे. १९६६ पासून जीटीओला स्वतंत्र मालिका मिळाली आणि क्रमांक २४२ ने सुरू होऊ लागला. आधीच्या दोन वर्षांच्या साध्या लमान्सला बिल्ले आणि इंजिन चढवून जीटीओ म्हणून विकणं म्हणूनच सोपं झालं.

कॅमॅरोची गोष्ट याहून गुंतागुंतीची. लहान आणि मध्यम गाड्यांसाठीची मर्यादा पुढे ४०० घनइंचांवर गेली, तरी ४२७ तिच्या बाहेरच होतं. शेव्हरलेकडे मात्र एक वेगळी खिडकी होती, सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर, थोडक्यात कोपो. तिचा मूळ उपयोग अगदी रुक्ष होता. टॅक्सीवाल्यांना, पोलिसांना किंवा ट्रकचा ताफा घेणाऱ्या कंपनीला माहितीपत्रकाबाहेरचा रंग किंवा दणकट भाग हवा असेल, तर ती मागणी या खिडकीतून जाई. शेव्हरलेचे विन्स पिगिन्स यांनी याच खिडकीतून शर्यतीची इंजिनं आत आणली. १९६९ साली कोपो ९५६१ खाली लोखंडी ४२७, आणि कोपो ९५६० खाली झेडएल-१ हे ॲल्युमिनियमचं ४२७. इलिनॉयमधल्या ला हार्प गावचे डीलर फ्रेड गिब यांनी झेडएल-१ च्या ५० गाड्या मागवल्या, कारण ड्रॅग शर्यतीत उतरवण्यासाठी तेवढ्या तयार होणं आवश्यक होतं. नुसत्या इंजिनाचीच किंमत चार हजार डॉलरच्या वर गेली, गाड्या खपेनात, आणि गिब यांना त्यातल्या बऱ्याच परत कराव्या लागल्या. एकूण ६९ कॅमॅरो या इंजिनाच्या बनल्या. ताफ्याच्या वाटेने आलेल्या या गाड्यांना दिखाऊ बिल्ले मिळाले नाहीत. त्यामुळे सुरुवातीला कल्पना केलेली ती साधीसुधी कॅमॅरो खरी असू शकते. तिचं साधेपण ताफ्याच्या मागणीच्या रीतीतूनच आलं.

आता ठसे. १९५४ पासून अमेरिकेत गाड्यांना ओळख क्रमांक देण्याची पद्धत रुळली. १९६८ पासून जनरल मोटर्सच्या गाड्यांत तो चालकासमोरच्या काचेतून बाहेरून दिसेल असा डॅशबोर्डवर आला, आणि त्याच क्रमांकाचा काही भाग इंजिन व गिअरबॉक्सवरही ठोकला जाऊ लागला. त्यामागचं कारण गाडीचोरी. चोरलेलं इंजिन पकडता यावं म्हणून ठोकलेला आकडा पुढे संग्राहकांचा सगळ्यात मोठा आधार झाला.

इंजिनावरचा दुसरा ठसा जोडणी विभागाचा. १९६९ च्या कॅमॅरो झी/२८ चं उदाहरण घेऊ. पुढच्या बाजूला, उजव्या सिलिंडर हेडच्या पुढ्यात एक लहानशी सपाट जागा आहे. तिच्यावर ‘व्ही०३०५डीझेड’ असं असेल, तर व्ही म्हणजे फ्लिंटचा कारखाना, ०३०५ म्हणजे ५ मार्च, आणि डीझेड म्हणजे झी/२८ चं ३०२ घनइंचांचं इंजिन. हे इंजिन शर्यतीच्या ३०५ घनइंचांच्या मर्यादेत बसावं म्हणून तयार केलेलं. ब्लॉकच्या ओतकामात उठून आलेली वेगळी तारीख असते. ‘बी१७९’ म्हणजे १७ फेब्रुवारी १९६९. बॉनेटखालच्या पत्र्यावरच्या पट्टीवर ‘०३बी’ असेल, तर बॉडी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली. आधी ब्लॉक ओतला, मग इंजिन जुळलं, मग गाडी बनली, असा क्रम लागतो. ब्लॉकवरची तारीख एप्रिलची निघाली, तर बाकी सगळं कितीही चकचकीत असो, ते इंजिन त्या गाडीचं नाही.

ठसा खरा की खोटा हे त्याच्याखालच्या लोखंडावरून कळतं. कारखान्यात ब्लॉकचा तो पृष्ठभाग सपाट करणारं मोठं हत्यार त्यावर बारीक, एकमेकींना समांतर रेघा सोडून जाई. अक्षरं त्या रेघांवर ठोकलेली असत. मूळ आकडा घासून काढला की रेघाही जातात, आणि नवा आकडा गुळगुळीत किंवा गोल गोल घासलेल्या जागेवर बसतो. म्हणून तपासणारा माणूस आकड्यांइतकाच त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेकडे बघतो. काम प्रामाणिक असलं तरी इंजिन दुरुस्त करताना तो पृष्ठभाग खरडला गेलेला असू शकतो. रेघा नाहीत म्हणजे लबाडी झालीच असं नाही, पण पुरावा मात्र कायमचा गेला.

कागदांचीही अशीच वंशावळ आहे. कोणत्या गाडीवर काय चढवायचं हे जोडणीच्या रांगेतल्या कामगाराला कळावं म्हणून प्रत्येक गाडीबरोबर एक तक्ता फिरे. काम झालं की त्याची गरज संपे. कुणी तो सीटच्या स्प्रिंगांत खोचे, कुणी पेट्रोलच्या टाकीवर ठेवून देई. टाकी उतरवताना तेलकट, उंदरांनी कुरतडलेला असा तुकडा हाती लागला की गाडीची किंमत बदलते. शेव्हरले गाड्यांबरोबर वॉरंटीच्या पुस्तिकेत एक छोटी धातूची पट्टीही येई. तिच्यावरच्या उठावदार अक्षरांत ओळख क्रमांक, इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलचे कोड असत. दुरुस्तीचा दावा भरताना डीलर तिचा ठसा कागदावर घेई. कारकुनी सोयीसाठी दिलेली ही पट्टी आज मालक तिजोरीत ठेवतात.

कंपन्यांच्या दप्तरांचं नशीब सारखं नव्हतं. पाँटिअकच्या बिलांच्या नोंदी सूक्ष्मफितीवर टिकल्या, म्हणून जीटीओचा प्रश्न पाँटिअक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून सुटतो. फोर्डची १९६७ पासूनची माहिती केव्हिन मार्टी यांच्या अहवालांतून मिळते. क्रायस्लरने इंजिनाचा कोड थेट ओळख क्रमांकात घातला होता, त्यामुळे १९७० च्या ४२६ हेमी इंजिनाच्या गाडीत पाचवं अक्षर ‘आर’ असतं. शेव्हरलेच्या अमेरिकेत विकलेल्या त्या काळच्या गाड्यांच्या अशा नोंदी मिळत नाहीत, कॅनडात गेलेल्यांच्या मात्र मिळतात. म्हणूनच शेव्हरलेच्या बाबतीत टाकीवरच्या त्या कुरतडलेल्या कागदाला एवढा मान आहे.

आकडे जुळवण्याला रीत म्हणून शिस्त दिली ती कॉर्व्हेट या शेव्हरलेच्या स्पोर्ट्स कारच्या चाहत्यांनी. १९७३ साली इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनचा मेळावा सुरू झाला, १९७४ साली नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी स्थापन झाली, आणि गाडी कारखान्यातून निघाली तशी आहे का याला गुण देण्याची पद्धत बसली. तिथून जुळत्या आकड्यांची ओढ सगळ्या मसल कारांपर्यंत पोचली. ओढीबरोबर पैसा आला आणि पैशाबरोबर नवे ठसे, नव्या पट्ट्या, चहाच्या पाण्यात बुडवून जुने केलेले तक्ते आले. ही नवी खूण मात्र पुरावा म्हणूनच जन्मलेली असते. तिच्याकडे संशयाने पाहायचं ते त्यासाठी.

एवढं करूनही काही वैशिष्ट्यं मधल्या पट्ट्यात राहतात. झी/२८ वरचं दोन कार्ब्युरेटरचं क्रॉस-रॅम मॅनिफोल्ड कारखान्यात बसवलं जात नसे, ते डीलरकडे सुटा भाग म्हणून मिळे. ते १९६९ पासून गाडीवर असलं तरी त्याला कारखान्याचं म्हणता येत नाही, आणि खोटंही म्हणता येत नाही. याउलट चारही चाकांचे डिस्क ब्रेक हा १९६९ साली कारखान्याचाच पर्याय होता आणि तो २०६ गाड्यांना मिळाला. तिथे मागच्या ॲक्सलवरचा कोड आणि तारीख जुळलीच पाहिजे. यादीत नसलेल्या रंगाची क्रायस्लरची डॉज दिसली, तर पुढच्या मडगार्डच्या आतली पट्टी वाचा. रंगाच्या जागी ९९९ असेल तर तो खास मागवलेला रंग आहे. पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्गचे डीलर डॉन येंको यांच्या कॅमॅरो तर सगळे नियम उलटे करतात. १९६७ साली त्यांनी आपल्याच गॅरेजात मूळ इंजिनं काढून ४२७ बसवली, १९६९ साली तीच इंजिनं कोपोच्या खिडकीतून कारखान्यातून बसून आली. १९६९ च्या येंकोत इंजिन आणि गाडी यांचे आकडे जुळायला हवेत. १९६७ च्या येंकोत इंजिन गाडीबरोबर आलेलं नाही, हीच तिची खरी ओळख.

म्हणून ‘हे मूळ आहे का?’ हा प्रश्न अपुरा पडतो. कोणत्या हाताने, केव्हा आणि कशासाठी, हे तिन्ही विचारावं लागतं: कारखाना, डीलर, पहिला मालक की कालचा विक्रेता. ‘कारखान्यात असं कधी होत नसे’ आणि ‘कारखान्यात काहीही होई’ ही दोन्ही वाक्यं मी पुराव्याशिवाय मान्य करत नाही. ज्यांच्या ताब्यात अशी विचित्र वाटणारी गाडी आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की माहितीपत्रकाशी जुळत नाही म्हणून काही काढू नका, घासू नका, रंगवू नका. आधी फोटो घ्या, सगळ्या तारखा एका कागदावर क्रमाने मांडा, टाकीच्या वर आणि सीटच्या आत हात घालून पाहा. गाडी पुन्हा नवी करायला कधीही वेळ मिळेल, पण पुसलेला ठसा परत ठोकता येत नाही, आणि ठोकलाच तर तो खोटा असतो.