विश्वात्मक देव
१. विश्वात्मक देव : ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२, इ.स. १२९०) अठराव्या अध्यायाअखेरच्या पसायदानात ज्ञानदेवांनी ज्याच्यापुढे हात पसरले तो देव. इथे कोण्या एका मूर्तीचे नाव नाही; सारे विश्वच ज्याचे रूप, तो. ‘पसाय’ म्हणजे प्रसाद. या नऊ ओव्यांतला ‘व्यंकटी’ हा शब्द नीट पाहावा, अर्थ वाकडेपणा. ज्ञानेश्वरी जिच्यावरची टीका आहे त्या गीतेच्या चौथ्या अध्यायात दुष्टांच्या विनाशाची भाषा आहे. इथे दुष्टाचा वाकडेपणा तेवढा जावा आणि त्याला सत्कर्माची गोडी लागावी, एवढेच मागणे आहे. वाकलेला खिळा सुतार फेकत नाही, सरळ करून पुन्हा वापरतो, तसे. ज्ञानदेवांसारख्या वाळीत टाकलेल्या घरातल्या मुलाने हे मागावे, हे फार मोठे आहे. — संपादक