नाडेप म्हणजे माणूस

आमच्या गिरडला शेख फरीदबाबांच्या टेकडीवर जायफळासारखे गोल दगड सापडतात; ते बघायला माणसे येतात. खाली शेतांत वेचणीनंतर पऱ्हाटी पेटते, तिकडे कोण बघतो! शेण चुलीत, काडी जाळात. जमिनीने खावे काय? काडीकचऱ्याच्या खताची शास्त्रीय रीत हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरला बसवली. 1931 साली पुस्तक आले. शेणाच्या टंचाईवर तोड काढली पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी. भिंतींत भोके ठेवलेले विटांचे टाके, 10 फूट लांब, 6 रुंद, 3 उंच. 100 किलो शेणात सुमारे 1400 किलो काडीकचरा, थराथरावर माती. भोकांतून वारा खेळतो, 3-4 महिन्यांत खत. मी विचारले, की ‘नाडेप’ म्हणजे सरकारी योजना, असे उत्तर मिळते. अहो, ते माणसाचे नाव! इंग्रजी अक्षरांतून येताना ‘दे’चा ‘डे’ झाला, एवढेच.