पाठुंगळीचे जुनेर

दसऱ्याच्या सुट्टीत आमच्या सूनबाईंनी सात महिन्यांच्या नातवासाठी पट्ट्यांची एक कापडी पिशवी विकत आणली. मूल तिच्यात बसवायचे, पट्टे खांद्यावर नि कमरेला आवळायचे आणि मोकळ्या हातांनी कामाला लागायचे. आमच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "हे तर आपलं पाठुंगळीचं जुनेर की रे! ह्याला एवढं पैसं दिलं?"

इतिहासाच्या मास्तराला एवढे निमित्त पुरे होते.

जगातल्या बहुतेक आयांनी मूल कापडानेच अंगाशी बांधले. मेक्सिकोत त्या कापडाला रेबोझो म्हणतात, कोरियात पोदेगी. आमच्या सीमाभागात मराठी बाई झोळी म्हणते, कन्नड शेजारीण जोली म्हणते; गाठ दोघींची एकच. मुले अंगावरून उतरली ती आधी श्रीमंतांची. १७३३ च्या सुमारास विल्यम केंट या इंग्रज वास्तुकाराने ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या मुलांसाठी जनावराने ओढायची छोटी गाडी बनवली. एकोणिसाव्या शतकात हाताने ढकलायच्या बाबागाड्या मध्यमवर्गाच्या दारात आल्या. मग पाठीवर मूल म्हणजे गरिबी, असे समीकरण हळूहळू रुजले.

ते उलटले एका परिचारिकेमुळे. ॲन मूर ही अमेरिकन तरुणी १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत 'पीस कोर'तर्फे पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशात गेली. तिथल्या आया मुलांना पाठीशी बांधून बाजारहाट करीत, आणि ती मुले शांत असत. मायदेशी परतल्यावर तिला स्वतःची मुलगी झाली. तिनेही तसेच बांधून पाहिले, पण मूल घसरू लागले. तेव्हा तिच्या आईने, ल्यूसी ऑकरमन हिने, तिच्या सांगण्याप्रमाणे एक पिशवी शिवून दिली. १९६९ साली तिचे पेटंट मिळाले आणि 'स्नग्ली' या नावाने ती घरोघर गेली. टोगोच्या आयांची विद्या अशी कागदावर चढली.

पुढे वैद्यकानेही साक्ष दिली. १९८६ साली कॅनडातील माँट्रियल येथील डॉक्टरांनी ९९ मायलेकरांच्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही आयांना त्यांनी मूल रोज किमान तीन तास, ते रडत नसतानाही, जवळ घ्यायला सांगितले होते. सहाव्या आठवड्यात ही मुले इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडत होती.

आपण मराठी माणसे तर पाठीशी मूल बांधलेल्या राणीला चौकाचौकात वंदन करतो. एप्रिल १८५८ मध्ये झाशी सोडताना लक्ष्मीबाईंनी दत्तकपुत्र दामोदररावांना पाठीशी बांधले होते, असे परंपरा सांगते. ते तेव्हा आठ वर्षांचे होते. पुढचे आयुष्य त्यांनी इंदुरात काढले. पुतळ्यापुढे आपण हात जोडतो, पण भांगलणीला निघालेल्या बाईच्या पाठीवरचे मूल आपल्याला दिसत नाही.

हे मी दुसऱ्यांना सांगत नाही. मी चौथीत असताना आई धाकटीला जुन्या इरकलीत पाठीशी बांधून माझा डबा द्यायला शाळेत आली. पोरे हसली. संध्याकाळी मी तिला म्हणालो, "तू अशी शाळेत येऊ नको." ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून डबा शेजारच्या पोराबरोबर येऊ लागला.

त्याच आईने परवा नवी पिशवी पारखली. नातवाला आत बसवताच म्हणाली, "पोराचं पाय लोंबकळत्यात." तिचे बरोबर होते. मुलाच्या खुब्यांसाठी मांड्यांना गुडघ्यांपर्यंत आधार हवा, गुडघे ढुंगणापेक्षा वर हवेत, बसणे बेडकासारखे, असेच अस्थितज्ज्ञही सांगतात. बाकीच्या खुणाही ध्यानात ठेवाव्यात. मुलाचे तोंड सतत दिसावे आणि नाकावर कापड येऊ नये. हनुवटी छातीला टेकू नये, दोन बोटे तरी जागा राहावी. मान धरण्याआधी मूल पाठीवर नको, छातीशीच हवे. शिवण आणि बंद रोज ओढून पाहावेत. चुलीपाशी, गॅसपाशी किंवा दुचाकीवर मूल असे बांधू नये. घरचे कापड वापरायचे तर ते सुती, घट्ट विणीचे आणि न विरलेले असावे. नाव जुनेर असले तरी जीर्ण कापड चालत नाही.

पिशवी परत गेली. आईने पेटीतून तिचे एक धड इरकल काढले आणि सूनबाईंच्या पाठीशी नातवाला बांधून दाखवले. गाठ छातीवर, ताण दोन्ही खांद्यांवर सारखा. पोर पाच मिनिटांत झोपले. मी म्हणालो, "सूनबाई, स्नेहसंमेलनाला याला असंच घेऊन शाळेत ये."

आईने माझ्याकडे पाहिले. "आता चालतंय व्हय?" ती म्हणाली.

पंचेचाळीस वर्षे ती विसरली नव्हती. मी मान खाली घालून म्हणालो, "चालतंय, आई. तूही ये."